सैल इलॅस्टिकचे मोजे

सोलमध्ये मेट्रो स्टेशनांच्या खाली लांबच लांब भुयारी बाजार आहेत आणि त्यात दर थोड्या अंतरावर मोज्यांचं दुकान. हजार वॉनला जोडी, म्हणजे आपले साठेक रुपये. मी पोरांसाठी मांजरांची चित्रं असलेले निवडत होते आणि माझी मैत्रीण शेजारच्या टोपलीवर वाकून एकेक मोजा ताणून बघत होती. दोन्ही अंगठे आत घालायचे, कड ओढायची, सोडायची, मग आतून बोट फिरवून शिवण टोचतेय का ते बघायचं. दुकानातल्या बाईंनी थोडा वेळ बघितलं आणि खालून एक वेगळा गठ्ठा काढून तिच्यापुढे ठेवला. राखाडी, तपकिरी, मळकट जांभळे, वयस्कर माणसांचे मोजे. कडेला इलॅस्टिक जवळजवळ नाहीच, तळव्याला घसरू नये म्हणून रबरी ठिपके. हिचा चेहरा एकदम खुलला. तिने त्यातल्या बऱ्याच जोड्या घेतल्या, पैसे दिले, पिशवी मनगटात अडकवली आणि आम्ही जिना चढून वर रस्त्यावर आलो. अर्ध्या जिन्यात माझ्या लक्षात आलं की हे मोजे काकूंच्या, म्हणजे तिच्या आईच्या, मापाचे आहेत. आणि काकूंना जाऊन तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं.

मी काही बोलले नाही. तीही बोलली नाही. त्या दुकानात तिला क्षणभर विसर पडला होता, की सगळं नीट माहीत असूनच तिने ते घेतले, हे मला कळेना आणि विचारायची हिंमतही होईना. त्या दिवशी पुढे आम्ही काय काय बघितलं ते विचाराल तर मला फोटो काढून बघावे लागतील, पण ती मनगटावरची पातळ पिशवी आणि चालताना होणारा तिचा चुर्र चुर्र आवाज मात्र लक्षात आहे.

आम्ही डोंबिवलीच्या, एकाच गल्लीतल्या. शाळा एक, कॉलेज एक, पुढे बरीच वर्षं सकाळची लोकल एक. माझं लग्न झालं, मी दोन स्टेशनं पलीकडे गेले, तिने लग्न केलं नाही आणि वडील गेल्यावर ती आणि काकू अशा दोघीच उरल्या. मग काकूंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, एका वेळेला चार चार तास, वर जाण्यायेण्याची रिक्षा आणि नंतरचा थकवा. ज्या घरात असं आजारपण येतं त्या घरातलं घड्याळच वेगळं चालतं हे मी तिच्याकडे जाऊन येऊन बघितलंय. सोमवार-बुधवार-शुक्रवार हे वार राहतच नाहीत, ते मशीनचे दिवस होतात. आणि त्या चार तासांत करायचं काय, तर दोघींनी एकेक इयरफोन कानात घालून फोनवर कोरियन सिरियल बघायच्या. हिंदी डबिंगवाल्या, कारण काकूंना सबटायटल वाचायला त्रास व्हायचा. सुरुवात कोणी केली ते दोघींनाही आठवत नव्हतं. नंतर नंतर तर काकू नर्सला सांगायच्या, जरा थांब गं, एवढा सीन होऊ दे, मग सुई काढ.

ज्यांच्या घरात डायलिसिसचा पेशंट आहे त्यांना माहीत असेल, खरा छळ सुईचा नसतो, पाण्याचा असतो. दिवसभराचं पाणी मोजून. चहा, ताक, आमटी सगळं त्याच हिशोबात. मे महिन्यात काकू बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसायच्या. आणि सिरियलमध्ये बघावं तर प्रत्येक एपिसोडला कोणीतरी वाडगा दोन्ही हातांनी उचलून सूप पितंय, तळापर्यंत, फुर्र आवाज करत. मला वाटायचं त्यांना हे बघवत कसं असेल. एकदा मी तसं म्हटलंही, तर काकू म्हणाल्या, "अगं ती प्याली की मला गार वाटतं." काकूंचं माहेर कोल्हापूरचं, तांबडा-पांढरा रस्सा वाटीने प्यायलेली बाई ती. त्यांच्या तोंडून हे ऐकल्यावर मी आत जाऊन उगाच गॅसची शेगडी पुसत बसले होते.

म्हणून कोरिया. लोकांना वाटलं सिरियलचं वेड, आजकाल सगळ्याच जातात. आम्ही कोणाला समजावत बसलो नाही. दोघींचेही पासपोर्ट कोरे करकरीत, तिचा तर काकू गेल्यानंतर काढलेला. व्हिसाच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, कुटुंबातलं कोणी बरोबर प्रवास करतंय का. नाही वर टिक करताना दोघींचं पेन थोडं थांबलं. नातेवाईकांचे प्रश्न वेगळे. मला, नवऱ्याबरोबर का नाही? तिला, आता एवढा खर्च कशाला? मला तरी घरच्यांनी जा म्हटलं होतं, तिला जा किंवा नको म्हणणारं कोणी उरलंच नव्हतं, आणि ही सुटका आहे की पोरकेपण हे तिला त्या काळात रोज वेगळं वाटत असे. एका रात्री मेसेज यायचा की मी इतकी हलकी झालेय की भीती वाटते. दुसऱ्या सकाळी, जाऊयाच नको गं.

पोहोचलो तेव्हा ऑक्टोबर संपत आलेला. इंचॉनच्या विमानतळावरून सोल स्टेशनला ट्रेन येते, खिडकीतून आधी चिखलाळ समुद्र, मग एकसारख्या उंच इमारती आणि त्यांच्यावर रंगवलेले मोठाले नंबर. बाहेर पडल्यावर पहिला आला तो वास. सोलच्या रस्त्यांवर गिंकोची झाडं ओळीने लावलीत, शरदात पानं अशी पिवळी होतात की खाली उभं राहिलं तरी अंगावर उजेड पडतो, पण त्याच दिवसांत मादी झाडांची फळं फुटपाथवर पडून चिरडतात आणि त्यांचा असह्य कुजका वास सुटतो. एवढ्या सिरियल बघितल्या, त्या पिवळ्या झाडांखाली एवढी माणसं प्रेमात पडली, पण हा वास कुठल्याच सिरियलमध्ये आला नव्हता. मैत्रिणीने रुमाल नाकाला लावला आणि म्हणाली, "हे आईला सांगायला हवं होतं." पहिलं वाक्य, पहिल्या रस्त्यावर.

पुढेही तेच. जे दिसेल ते काकूंच्या डोळ्यांनी. मेट्रोच्या बहुतेक सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट आहे, ती बघितली की हिचा हिशोब सुरू, म्हणजे व्हीलचेअर आली असती बघ. डब्याच्या टोकाला म्हाताऱ्यांसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात, गर्दीतसुद्धा तरुण मुलं त्या रिकाम्या सोडून उभी राहतात, ते बघून तिचे डोळे भरून यायचे. ग्वांगजांग मार्केटमध्ये मूग भिजवून जात्यावर दळतात, जातं विजेवर फिरत असतं आणि पिवळसर पीठ कडेने ओघळत असतं, ते मोड आलेल्या मुगांबरोबर कालवून तेलात जाडजूड तळतात. आम्ही बाकड्यावर दाटीवाटीने बसून खाल्लं आणि दोघींना एकाच वेळी काकूंच्या हातचं मुगाचं धिरडं आठवलं. ग्योंगबोकगुंगला गेलो, तो राजवाडा 1395 चा, 1592 च्या जपानी स्वारीत जळला, पावणेतीनशे वर्षं तसाच पडून राहिला आणि 1867 मध्ये पुन्हा उभा केला. पुढे जपान्यांनी त्याच्या पुढ्यात आपल्या सरकारचं प्रचंड दगडी ऑफिस बांधलं, ते कोरियाने 1995 मध्ये पाडायला घेतलं. हे सगळं मी वाचून आले होते, तिला सांगत होते आणि ती म्हणे, थांब, ही ती पायरी का जिथे राणी बसून राहते. काकूंना राजांची नावं क्रमाने पाठ होती म्हणे, फक्त सिरियल बघून.

आता खरं सांगायचं तर मला मधूनमधून चिडचिड व्हायची. मला वाटलं होतं ही आमची ट्रिप आहे. इतक्या वर्षांनी आम्ही दोघी, कोणाचा डबा नाही, कोणाचं औषध नाही. आणि प्रत्येक टेबलावर आमच्यात तिसरी खुर्ची. मला तिच्याशी माझ्याबद्दल बोलायचं होतं, मलाही त्या वर्षांत बरंच काही झालं होतं जे तिच्या घरातलं आजारपण बघून मी बोललेच नव्हते. पण ती प्रत्येक जेवणानंतर वाडगा दोन्ही हातांनी उचलायची, डोळे मिटायची आणि शेवटच्या थेंबापर्यंत सूप प्यायची, आणि ते बघितल्यावर माझी चिडचिड राहायची नाही. तिथे हॉटेलात पाणी फुकट असतं, टेबलावर अख्खी बाटली आणून ठेवतात नाहीतर कोपऱ्यातल्या मशीनमधून हवं तेवढं घ्यायचं. ती ग्लास भरायची आणि भरलेल्या ग्लासाकडे जरा वेळ बघायची, मग प्यायची.

एका संध्याकाळी दाकगाल्बीच्या हॉटेलात होतो. मोठ्या लोखंडी तव्यावर कोबी, रताळं, चिकन आणि तो लाल मसाला, तुमच्यासमोरच परततात, ठसका लागेल इतका धूर. पाठीवर सॅक घेतलेली एक मुलगी दारात आली, एकटीच. मालकीणबाईंनी दोन बोटं वर केली. तिथे अशा बऱ्याच ठिकाणी कमीतकमी दोन माणसांचंच मागवावं लागतं, एकाचं करत नाहीत. मुलीने मान हलवली आणि गेली. मैत्रीण तवा उलथायचा थांबवून दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझं आता असंच आहे ना. मी एक माणूस." मी पटकन म्हटलं, मी आहे की. ती म्हणाली, "तू आहेस. पण तू घरी जाशील." यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. खरं तेच बोलली आणि पुन्हा उलथनं हातात घेतलं.

उत्तर कोरियाच्या सीमेकडे जायची कल्पना माझी. ठरवलेल्या बसनेच जाता येतं, वाटेत सैनिक आत चढून पासपोर्ट बघतात. तिला त्यात फारसा रस नसेल असं मला वाटलं होतं, पण बसमध्ये तिनेच सांगायला सुरुवात केली, की आई म्हणायची आमच्या कोल्हापूरचे थोरातसाहेब तिथे होते. आणि ते खरंच आहे. 1953 मध्ये कोरियाचं युद्ध थांबलं तेव्हा 22,000 हून जास्त चिनी आणि उत्तर कोरियन कैदी असे होते की जे आपापल्या देशात परत जायला तयार नव्हते. त्यांना सांभाळायला भारताची फौज गेली आणि तिचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिण कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष सिंगमन री भारतीय जवानांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू द्यायला तयार नव्हते, म्हणून इंचॉनपाशी बोटीतून उतरवून त्यांना हेलिकॉप्टरने थेट सीमेवरच्या पट्ट्यात नेलं. आम्ही ज्या इंचॉनला ट्रॉली ढकलत आरामात उतरलो त्याच इंचॉनला. काकू हे त्यांच्या पद्धतीने सांगायच्या, "घरी जायचं नाही म्हणणाऱ्या माणसांना सांभाळायला गेले होते ते."

इमजिनगाकला काटेरी तारांवर हजारो रंगीत रिबिनी बांधलेल्या आहेत, उत्तरेत राहिलेल्या माणसांसाठी. गोळ्यांनी चाळण झालेलं एक रेल्वे इंजिन आहे. आणि उत्तरेकडे तोंड करून एक दगडी वेदी आहे, 1985 मध्ये बांधलेली. ज्यांची गावं पलीकडे राहिली ती माणसं चुसॉकला, म्हणजे शरदातल्या सुगीच्या सणाला, आणि नवीन वर्षाला इथे येऊन पितरांना नमस्कार करतात, कारण थडग्यांपर्यंत जाता येत नाही. आम्ही गेलो तेव्हा सणवार नव्हता, वारा होता आणि शाळेच्या सहली होत्या. एक खूप म्हातारे आजोबा सुटाबुटात आले होते, बरोबर बहुतेक नातू. नातवाने त्यांचा कोट धरला, आजोबांनी बूट काढले आणि गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार केला. उठायला त्यांना वेळ लागला. नातू मदतीला पुढे झाला तर त्यांनी हातानेच थांबवलं आणि स्वतः उठले. माझी मैत्रीण लांब उभी होती. तिने हात जोडले नाहीत, रडलीही नाही. आजोबांचे बूट वाऱ्याने नाही, कुणाच्यातरी धक्क्याने कलंडले होते, ते तिने जाऊन सरळ करून ठेवले आणि परत आली.

मग बुसान.

सोलहून जलद ट्रेनने अडीच-पावणेतीन तासांत बुसानला पोहोचतो. डोंगनेला गरम पाण्याचे झरे आहेत, तिथली सार्वजनिक स्नानगृहं जुनी आणि प्रसिद्ध. मोठ्या झगमगीत ठिकाणी न जाता आम्ही गल्लीतल्या एका साध्या ठिकाणी गेलो. आत अंगावर काही ठेवत नाहीत. हे माहीत असूनही कपाटाची किल्ली मनगटात अडकवून उभ्या राहिल्यावर आम्ही दोघी एकमेकींच्या खांद्यापलीकडे बघत होतो. इतक्या वर्षांची मैत्री, पण असं कधी एकमेकींना बघितलेलं नाही. पण आत गेल्यावर थोड्याच वेळात ते कसं गळून पडलं कळलं नाही, कारण कोणी बघतच नव्हतं. वाफ, बादल्यांचे आवाज, भिंतीवर प्रत्येक हौदाचं तापमान लाल आकड्यांत. सिझेरियनचे व्रण असलेली पोटं, वाकलेल्या पाठी, एक स्तन काढून टाकलेल्या बाई, नात, मुलगी, आजी. बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून सगळ्या जणी स्वतःला घासत होत्या. हिरव्या रंगाची एक खरखरीत हातमोज्यासारखी पिशवी असते, तिला इटली टॉवेल म्हणतात, पण ती मूळची बुसानचीच, सुरुवातीला कापड तेवढं इटलीहून यायचं. गरम पाण्यात भिजल्यावर तिने घासलं की मेलेल्या कातडीच्या राखाडी वळ्या निघतात.

आमच्या बाजूच्या स्टुलावर एक आजी होत्या, एकट्या. हात मागे पोहोचत नव्हता. तिकडे अशा वेळी शेजारणीला पाठ चोळून दे म्हणायची जुनी पद्धत आहे, पण परक्या देशातल्या बाईला कसं सांगायचं असं त्यांना झालं असावं. त्यांनी हिच्याकडे बघितलं, हातातली हिरवी पिशवी थोडीशी पुढे केली आणि मान तिरकी केली. हिने एक क्षणही लावला नाही. पिशवी हातात चढवली, स्टूल त्यांच्या मागे ओढलं आणि सुरुवात केली. मी बघत राहिले, कारण ते नवखं काम नव्हतं. आधी मानेखाली हलक्या हाताने, मग मणक्याच्या दोन्ही बाजूंनी वरून खाली, हाडावर दाब न देता. डावा हात आजींच्या खांद्यावर आधाराला, त्या पुढे जाऊ नयेत म्हणून. मध्येच थांबून तांब्याने कोमट पाणी, ते आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघून. काकूंना तिने वर्षानुवर्षं असंच न्हाऊ घातलं असणार, बंद बाथरूममध्ये. मी त्या घरात इतक्यांदा गेले, चहा केला, औषधं आणली, हे मात्र कधी बघितलं नव्हतं. ज्या हातांना मी इतकी वर्षं ओळखते असं समजत होते त्यांना आत्ता पहिल्यांदा ओळखत होते. पाठ झाल्यावर आजींनी हिला खांद्याला धरून वळवलं आणि हिची पाठ घासायला घेतली. चांगली जोर लावून. आणि तिथे, त्या वाफेत, माझी मैत्रीण ढसाढसा रडली. आजी थांबल्या नाहीत. त्यांनी वरून पाण्याची बादली ओतली आणि पुन्हा घासू लागल्या. लहान मूल रडत असताना त्याची आंघोळ उरकतात, तितक्याच निश्चिंतपणे.

बाहेर आल्यावर लाल झालेल्या अंगाने आम्ही जमिनीवर पाय पसरून केळ्याचं दूध पीत बसलो. तिने सॅकमधून ती पातळ पिशवी काढली, एक तपकिरी जोडी माझ्याकडे टाकली आणि एक स्वतः घातली. "काय सुख आहे गं यात," म्हणाली, "उगाच आवळून घेतो आपण." मग मी बोलायला लागले. माझं काय काय झालं त्या वर्षांत ते सगळं, नोकरीचं, सासूबाईंचं, आणि एक गोष्ट जी मी कोणालाच सांगितली नव्हती. ती ऐकत राहिली. मधे एकदाही तिने आई म्हणायची असं म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "मला तेव्हा का नाही सांगितलंस?" आणि लगेच तीच म्हणाली, "बरोबर आहे, तेव्हा मी कुठे होते."

रात्री डुकराच्या हाडांचं सूप आणि भात खाल्ला, बुसानचं खास जेवण. युद्धात पळून आलेल्या निर्वासितांच्या गर्दीत ते शहरभर पसरलं असं सांगतात. मातीच्या भांड्यात खदखदत येतं, दुधाळ पांढरं, वरून कांद्याची पात आणि चवीला बारीक खारवलेली कोळंबी. आजूबाजूला बहुतेक सगळे एकेकटेच बसले होते, टॅक्सीवाले, एक विद्यार्थिनी, ड्युटी संपवून आलेली नर्स. इथे कोणी दोन बोटं दाखवत नाही, एका माणसाला एक भांडं. तिने सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "वसंतात मी परत येणार आहे. जेजू बेटावर. एकटीच."

मला वाईट वाटलं, हे मी लपवणार नाही. आपल्याला सोडून जातेय असं काहीतरी पोटात तुटलं. आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी तिचा हात घट्ट धरला, कारण वर्ष-सव्वा वर्षात तिच्या तोंडून पुढच्या काळातलं आलेलं हे पहिलं वाक्य होतं. आता तिने तिकीट काढलंय. एकट्या माणसाला कुठे कुठे जेवायला बसवतात त्याची यादी करायचं काम रोज रात्री फोनवर चालू असतं, त्यात मीही मला सापडलेल्या जागा घालते. जायच्या आधी एवढंच कबूल करून घेतलंय की रोज तिकडच्या साडेअकराला फोन करायचा, तेव्हा माझे आठ वाजलेले असतात, पोरं शाळेत गेलेली असतात आणि मला निवांत बोलता येतं.